कोरड्या नदीतला रस्ता

आमच्या शारजात थंडी आली हे कानाला आधी कळतं. एप्रिलपासून खिडकीतला एसी घरघरत असतो. त्या घरघरीवर आवाज चढवून आपण बोलतो, जेवतो, भांडतो, आणि पुढेपुढे ती ऐकू येईनाशी होते. मग नोव्हेंबरच्या अखेरीस एका सकाळी सुनंदा उठते आणि बटण बंद करते. खट्. त्या क्षणी शेजारच्या मलबारी कुटुंबाचा कुकर ऐकू येतो, खाली पाण्याचा टँकर मागे घेणाऱ्याची हाकाटी ऐकू येते, आणि आपलीच बायको किती हळू आवाजात बोलते हे सात-आठ महिन्यांनी नव्याने कळतं.

या शांततेला माझ्या डोक्यात एक वास चिकटलेला आहे. पेट्रोल, ओलं गोणपाट आणि दडपे पोहे. हा वास आता कुठेही नाही, पण बटण बंद झालं की तो येतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचा तो एक हिवाळा. माझी मुलगी अश्विनी चौथीत होती. त्या हिवाळ्यातल्या एका शुक्रवारपासून मी एका माणसावर राग धरून बसलो होतो. पंचवीस वर्षं सांभाळला मी तो राग. गाडीचं इंजिन सांभाळावं तसा, वेळच्या वेळी तेल घालून. गेल्या शनिवारी तो माझ्या हातून गेला. त्याच्या जागी जे आलं आहे, त्याचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

मी जुन्नर तालुक्यातला. एका गॅरेजात हेल्पर म्हणून आलो आणि अकरा वर्षांनी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात जुन्या गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं स्वतःचं दुकान टाकलं. कुणी हात धरून वर नेलं नाही. जे आलं ते घासाघीस करून आलं, आणि ती कला माझ्याइतकी आमच्या गल्लीत कुणाला येत नव्हती, पठाणांनासुद्धा. हे मी फुशारकीने सांगत नाही. पुढचं समजायला ते लागेल.

तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. थंडीच्या शुक्रवारी पाच-सहा मराठी कुटुंबं आपापल्या फोर-व्हील गाड्या घेऊन डोंगरात जायची. इंजिनिअर, बँकवाले, एक डॉक्टरीणबाई. आणि मी. माझी गाडी सगळ्यांत जुनी, मीच चार मेलेल्या गाड्यांतून जुळवलेली, पण हत्यारांची पेटी फक्त तिच्यात. म्हणून रांगेत माझी जागा शेवटची ठरलेली. "डुंबरे मागे असले की काळजी नाही," असं कारखानीस म्हणायचा. हा आमच्या टोळीचा म्होरक्या, रस्तेबांधणीतला इंजिनिअर. सगळ्यांना ती स्तुती वाटायची. शेवटच्या गाडीतला माणूस पुढच्या पाच गाड्यांची धूळ खातो, हे स्तुती करणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

डांबर संपलं की थांबायचं. चाकांतली हवा कमी करायची, म्हणजे दगडगोट्यांवर रबर बसतं. सगळ्या गाड्यांच्या चाकांतून एकदम फुस्स असा आवाज सुटायचा आणि पोरं खिदळायची. तेव्हा हातात नकाशा दाखवणारे फोन नव्हते. कारखानीसने कुठल्याशा ऑफिसातून मिळवलेल्या झेरॉक्सच्या चार पानांवर रस्ता लिहिलेला असायचा. शेळ्यांच्या कुंपणापासून डावीकडे. दोन किलोमीटरवर एकटं झाड. झाडानंतर पाण्याची निळी टाकी. एखाद्या वर्षी शेळीवाला कुंपण हलवायचा, आणि आमची अख्खी वरात भलत्याच घळीत शिरायची.

रस्ता म्हणजे तरी काय, कोरडी नदी. तिकडे तिला वादी म्हणतात. दोन्हीकडे कडे आणि मधून पाण्याने कधीकाळी घासून गोल केलेल्या गोट्यांचं पात्र. त्यातून गाडी हलत, डुलत, कण्हत चालते. पात्रात कुठे पाण्याचा टिपूस नसतो, पण वळणावर दोन पुरुष उंचीवर कड्याच्या खाचेत वाळकी काटकी आणि गवताचा गुंता अडकलेला दिसतो. मी तो कितीतरी वेळा पाहिला होता. मला वाटायचं पक्ष्यांची घरटी असतील.

ते डोंगर पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी गाडीतून उतरून बघत राहिलो होतो. हिरवं म्हणून काही नाही. करपलेल्या भाकरीच्या रंगाचे, मध्येच गंजलेले, मध्येच जांभळट काळे. एखाद्या भट्टीतला जाळ आत्ताच विझवलाय आणि राख निवायची आहे, असे. तरी काळा दगड दिसला की माझा हात आपोआप जायचा. आमच्याकडचाच वाटायचा तो.

"आपलाच की हो हा दगड," मी एकदा म्हणालो.

"आपला नाही," कारखानीस म्हणाला. "हा समुद्राच्या तळाचा दगड आहे. अख्खा तळ उचलून वर आलाय. आत्ता आपण चहा पितोय ना, ती समुद्राच्या तळाची खालची बाजू आहे."

"मग सांडू नका," सुनंदा म्हणाली.

"आणि आपल्याकडचा?" मी विचारलं.

"आपल्याकडचा ज्वालामुखीचा. सह्याद्री म्हणजे थरावर थर ओतलेला लाव्हा. तुमचं जुन्नर आख्खं त्यावर बसलंय, डुंबरे."

ज्वालामुखीवर जन्मलो हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर, परदेशात, प्लास्टिकच्या कपातून चहा पिताना कळलं. शाळेत शिकवलं असेल, पण त्या वर्षी मी शाळेत कमी आणि गॅरेजात जास्त असणार.

"तरीच!" सुनंदा माझ्याकडे बघून म्हणाली, आणि सगळी टोळी हसून लोळली. मीही हसलो. पण तो दगड मी गाडीत टाकला आणि पुढचे कित्येक दिवस दुकानाच्या काउंटरवर ठेवून बघत बसायचो. समुद्र खाली असतो आणि डोंगर वर, एवढी एक गोष्ट तरी आयुष्यात पक्की आहे, असं मी धरून चाललो होतो.

आमच्या घरात एक नियम होता. भाव चालू असताना घरच्यांनी तोंड उघडायचं नाही.

तो कसा पडला ते सांगतो. लग्न होऊन सुनंदा इथे आली त्या वर्षी आम्ही कपाट घ्यायला गेलो. मी दुकानदाराला निम्म्यावर आणला होता, आणखी उतरणार होता, तेवढ्यात ही मागून म्हणाली, "किती छान आहे ना हो आरसा!" दुकानदार सिंधी. त्याला मराठी येत नव्हतं, पण बाईच्या आवाजातला आनंद समजायला भाषा लागत नाही. भाव तिथेच गोठला. बाहेर आल्यावर मी रस्त्यात आरडाओरडा केला. तेव्हापासून नियम. आवडलं तरी चेहरा कोरा ठेवायचा. नावडलं तरी कोरा. मी तर्जनी वर केली की भाव सुरू झाला असं समजायचं, आणि तर्जनी खाली येईपर्यंत घर पेटलं तरी गप्प.

सुनंदाला ते कधी नीट जमलं नाही. ती दुसरीकडे बघायची, आणि दुसरीकडे बघणारी बाईसुद्धा दुकानदाराला बरंच काही सांगते. अश्विनी मात्र पक्की तयार झाली. सहा वर्षांची असताना तिला सायकल हवी होती. तीन आठवडे तिने रात्रंदिवस सायकलचा जप केला होता. दुकानात शिरताच माझी तर्जनी वर गेली आणि या पोरीने सायकलीकडे पाठ केली. जांभई दिली. मधेच माझा शर्ट ओढून म्हणाली, "बाबा, लेट्स गो होम, आय अॅम बोअर्ड." दुकानदार घाबरून खाली आला. बाहेर पडल्यावर ती सायकलीला मिठी मारून रडली. "एकशेवीस दिरहमला सायकल! म्हणजे हजार रुपये. गावात कुणाला खरं वाटायचं नाही," असं मी पुढे महिनाभर सगळ्यांना सांगत होतो. भावाबद्दल कमी, पोरीबद्दल जास्त. इतका अभिमान मला तिच्या मार्कांचा कधी वाटला नाही.

त्या शुक्रवारी आम्ही नेहमीसारखे निघालो. धैद ओलांडलं, मसाफीच्या अलीकडे रस्त्याकाठचा बाजार लागला. फळं, झाडांच्या कुंड्या, हवा भरलेले प्लास्टिकचे प्राणी आणि गालिचे. आमची टोळी चहाला थांबली. मी एका गालिच्यापुढे थांबलो. लाल, काठाला निळी वेल. सुनंदाने दुसरीकडे बघितलं, म्हणजे तिला आवडला होता. तर्जनी वर.

गालिचेवाला चिवट होता. तो खाली आला की मी चालायला लागायचो, मी चालायला लागलो की तो हाक मारायचा. या खेळाची मजा ज्याला माहीत आहे त्याला घड्याळ दिसत नाही. तीनदा हॉर्न वाजले. मग कारखानीस स्वतः आला.

"डुंबरे, यल्ला, चला. किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"तुमची पाच मिनिटं आम्हाला माहीत आहेत. आभाळ बघा जरा."

मी गालिचा बघत होतो.

"आम्ही होतो पुढे," तो म्हणाला. "तुम्ही या मागून. नाहीतरी तुम्ही मागेच असता."

शेवटचं वाक्य तो हसत बोलला. गालिचेवाल्यासमोर बोलला. गालिचेवाल्याला मराठी येत नव्हतं, पण माझा चेहरा त्याला वाचता आला, आणि पुढे तो एक दिरहमही खाली आला नाही. म्हणून मी आणखी अर्धा तास घासलो. शेवटी गालिचा माझ्या भावाने टपावर चढला. मी जिंकलो होतो. बाजारात आमच्या टोळीची एकही गाडी नव्हती.

ठरलेली वादी मला माहीत होती. झेरॉक्स पाठ झाला होता. मी रागात गाडी डांबरावरून उतरवली, चाकांतली हवा सोडली आणि एकटाच आत शिरलो. डोक्यावर आभाळ निळंशार. फक्त लांबच्या डोंगरांच्या माथ्यावर काहीतरी जाडसर, कापूस पिंजल्यासारखं बसलं होतं. हवेला मातीचा वास होता. सुनंदा म्हणाली, "किती छान वास येतोय." आता भाव चालू नव्हता, म्हणून तिला बोलायला हरकत नव्हती.

निळ्या टाकीच्या पुढे, पात्राच्या काठावर, दगडी भिंतींची चार-पाच घरं होती. एक बोरीचं झाड. पहिल्या घराच्या दारात घोंगडी पसरून त्यावर मधाच्या बाटल्या मांडलेल्या. आमची गाडी पाहून एक म्हातारा उठला आणि रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. पांढरी दाढी, कमरेला खोचलेला पंचा, हातात छोट्या कुऱ्हाडीची काठी. मी काच खाली केली. त्याने हात आत घालून खिडकीची कड धरली.

"सदीक," तो म्हणाला, म्हणजे दोस्ता. मग दुकानात चालते तसली हिंदी. "आज नीचे नहीं जाना. बैठो. चाय पियो, खाना खाओ. कल जाओ."

आता माझं ऐका. माझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं की मी पहिलं काय म्हणतो? बसा. चहा घ्या. गिऱ्हाईक बसलं की अर्धा भाव झाला. गेली कित्येक वर्षं मी याच शब्दांनी माणसं बसवत आलो होतो. घोंगडीवर मधाच्या बाटल्या चमकत होत्या.

"कितना?" मी विचारलं.

"क्या कितना?"

"शहद."

त्याने मागे बाटल्यांकडे असं पाहिलं, जणू त्या तिथे आहेत हेच तो विसरला होता. "शहद नहीं. बैठो. पानी आता है." त्याने लांबच्या डोंगराकडे हात केला. "बहुत पानी."

मी हसलो. पानी आता है! मीही सांगायचो गिऱ्हाइकाला, पुढच्या महिन्यात जहाज नाही, हा शेवटचा गिअरबॉक्स. आणि विकायचं नाही म्हणणारा माणूस सगळ्यांत जास्त मागतो, हे मला बाजाराने शिकवलेलं. उस्ताद आहे म्हातारा, असं मला वाटलं. कौतुकच वाटलं त्याचं. माझी तर्जनी वर गेली.

"बाबा," मागच्या सीटवरून अश्विनी म्हणाली.

मी वळलो नाही. तर्जनी नुसती हलवली. ती गप्प झाली.

"इन्शाल्ला, वापसी में," मी म्हाताऱ्याला म्हणालो. परतताना. हा वाक्प्रचार इथे सगळ्यांना माहीत आहे, त्याचा अर्थ नाही असा होतो. म्हाताऱ्याने खिडकी सोडली नाही. मी क्लच सोडला. दोन-तीन पावलं तो गाडीबरोबर चालला, मग त्याचा हात सुटला.

पुढे वादी अरुंद होत जाते. कडे जवळ येतात, सावली थंड होते. अर्ध्या तासाने पुढचं चाक दोन गोट्यांमध्ये रुतलं. मी उतरलो, गोणपाट काढलं, चाकाखाली सारायला वाकलो. तेव्हा आवाज आला. कुठेतरी डंपर खडी ओतत असावा असा. मी सुनंदाला म्हणालोसुद्धा, "इथे कसलं बांधकाम काढलंय?" डंपर रिकामा झाला की आवाज थांबतो. हा थांबेना.

मग वळणावरून पाण्याची एक जीभ आली. घोट्याएवढीसुद्धा नाही. पुढे फेस, काटक्या, लेंड्या, एक प्लास्टिकचा डबा. सांडलेल्या दुधासारखी ती हळूहळू गोट्यांमधून वाट काढत आली, आणि मी मूर्खासारखा उभा राहून बघत राहिलो. छान दिसत होती. तिच्या मागे जे आलं त्याला पाणी म्हणावं असं मला अजून वाटत नाही. तो डोंगरच होता, चहाच्या रंगाचा, चालत येणारा, आणि त्याच्या पोटात दगड एकमेकांवर आपटत होते.

मी काय ओरडलो ते आठवत नाही. पोरीला ओढलं, सुनंदाला ढकललं, आणि आम्ही डाव्या अंगाला हातापायांनी वर चढलो. तो समुद्राच्या तळाचा दगड हाताखाली भुगा होऊन सुटत होता. खाली गाडीने एकदा मान फिरवली, जनावर फिरवतं तशी, आणि आडवी झाली. टपावरचा गालिचा सुटला, पाण्यावर पूर्ण उलगडला, कुणी पाहुण्यांसाठी अंथरावा तसा, आणि निळ्या वेलीसकट वळणाआड गेला. सुनंदा माझ्या बाजूला बसली होती. तिच्या पायात काही नव्हतं, चपला गाडीतच राहिल्या होत्या. माझी एक चप्पल गेली होती आणि तळवा फाटला होता. अश्विनीच्या पायात मात्र तिचे शाळेचे बूट होते, नाड्यांना दुहेरी गाठ. एरवी ही पोर गाडीत बसली की पहिल्या मिनिटाला बूट काढून फेकायची. देवाने बुद्धी दिली, असं आम्ही पुढे किती वर्षं म्हणत होतो. ती रडली नाही. कड्याच्या खाचेतल्या त्या काटक्यांच्या गुंत्याकडे बघत होती. पाणी त्याच्या हातभर खाली होतं. ती घरटी नव्हती.

तासाभराने वरच्या पायवाटेने दोन माणसं दोर घेऊन आली. म्हाताऱ्याची मुलं. त्यांनी आम्हाला वर घेतलं, डोंगराच्या पाठीवरून चालवत घरी नेलं. एवढ्या लवकर कसे आलात, असं मी विचारलं. धाकटा म्हणाला, तुम्ही गेलात तेव्हाच बाबांनी आम्हाला पाठवलं. म्हणजे पाणी यायच्या आधी. हे ऐकून मी चालताचालता थांबलो. आपल्या तोंडावर हसून गेलेल्या माणसासाठी कुणी आपली पोरं त्या कड्यांवर पाठवतो, याचा हिशेब माझ्या डोक्यात कुठे बसेना.

म्हाताऱ्याने चहा दिला. मी पाकीट काढलं. दुसरं काय करणार होतो? भिजलेल्या नोटा त्याच्यापुढे केल्या. "कितना?" पुन्हा तोच शब्द बाहेर पडला. त्याने नोटा घेतल्या, अंगणातल्या उन्हात एका सपाट दगडावर एकेक करून पसरल्या, प्रत्येकीवर एकेक खडा ठेवला. मला वाटलं, चला, घेतले. आम्ही जेवलो. पोरीला त्याने ओंजळभर बोरं दिली. निघायच्या वेळी त्याने खडे बाजूला केले, वाळलेल्या नोटा नीट घडी करून माझ्या खिशात घातल्या आणि खिशावर हात थोपटला. "खलास," म्हणाला. मधाची बाटली विकत घेण्याचं धाडससुद्धा मला झालं नाही.

एवढं सगळं होऊनही मी राग धरला तो कारखानीसवर. टोळीने ढग पाहून वादीचा बेत रद्द केला होता आणि डांबरी रस्त्याने खोर फक्कानला जाऊन समुद्रकाठी डबे उघडले होते. त्याचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "आम्हाला वाटलं, तुम्ही बाजारातूनच परत गेलात." मग थोडं थांबून, "डुंबरे, थांबलो असतो तर आपण थोडेच त्या पाण्यात गेलो असतो?" हे वाक्य कसं समजायचं ते मी ठरवलं. त्याने मला टाकलं. शेवटच्या गाडीला मागे सोडलं. पुढच्या शुक्रवारी टोळी गेली, माझ्याकडे गाडी नव्हती आणि कुणी बसा आमच्यात म्हणालं नाही. डुंबऱ्याने पुराशीसुद्धा घासाघीस केली, असा विनोद माझ्या कानावर आला. मी त्या सगळ्यांना तोडलं. पुढे कारखानीस भारतात परत गेला, तरी माझं चालूच. लग्नात, गणपतीत, दुकानात, नवीन माणूस भेटला की मी ही गोष्ट सांगायचो, आणि शेवट ठरलेला: अर्धा तास थांबला असता तो, तर माझ्या बायकापोरांवर ही वेळ आली नसती.

गेल्या शनिवारी अश्विनी आम्हाला डोंगरात घेऊन गेली. म्हणजे मला. सुनंदाचे गुडघे आता गाडीत दुमडत नाहीत. अश्विनी दुबईत सिलिकॉन ओएसिसला राहते, तिची मुलगी इरा सात वर्षांची आहे. आता त्या डोंगरांवर माथ्यापर्यंत गुळगुळीत डांबर आहे. गाडी गिअर न बदलता वर जाते. वर कॉफीचं दुकान, पाटीवर छापील भाव. मी इकडेतिकडे बघत राहिलो. दगड तोच होता, करपलेला. बाकी काही ओळखीचं नव्हतं.

उतरताना गाडी मी चालवत होतो, अश्विनी मागे इराजवळ बसली होती. रस्त्याकडेला एक माणूस मध विकत होता. बोरीचा मध. मी काच खाली केली, आणि हाताची सवय जुनी, तर्जनी वर गेली. मागून इरा म्हणाली, "आजोबा, लुक..."

पुढचं आलं नाही. मी आरशात पाहिलं. अश्विनीने तिच्या तोंडावर हात ठेवला होता. पटकन, सवयीने, माशी उडवावी तसा. मग अश्विनीने स्वतःच्या त्या हाताकडे पाहिलं आणि तो हळूच मांडीवर ठेवला.

मध घेतला. कितीला ते आठवत नाही. मग अश्विनी स्टिअरिंगवर आली, मी शेजारी. थोड्या वेळाने जुन्या वादीचं वळण गेलं आणि मी सुरू केलं. तो कारखानीस. अर्धा तास थांबला असता तर.

"बाबा," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

"काय?"

"पाणी येणार ते. आय न्यू. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत होते. त्या घरातल्या बायका वादीतून शेळ्या वर नेत होत्या. पळवत. गाद्या नेत होत्या डोक्यावर. एकीच्या कडेवर बाळ होतं. तो आजोबा खरं सांगत होता हे मला कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

हे मी विचारलं. खरंच विचारलं मी हे. तिने रस्त्यावरची नजर काढली नाही.

"बोलले होते, बाबा. तुम्ही बोट वर केलं."

गाडी दोन वळणं उतरली.

"मग मी बूट घातले," ती म्हणाली. "काढून ठेवले होते, ते घातले. नाड्या बांधल्या. घट्ट. अजून काय करायचं ते मला सुचेना."

अर्धा तास. त्या अरुंद होत जाणाऱ्या कड्यांमध्ये अर्धा तास माझी नऊ वर्षांची पोर मागे बसून होती, तिला माहीत होतं, आणि ती शिकवल्यासारखी गप्प होती, कारण मी तिला तसं घडवलं होतं आणि गावभर त्याचं कौतुक सांगितलं होतं. सुनंदाची चप्पल, माझा फाटलेला तळवा, आणि ती दुहेरी गाठ. पंचवीस वर्षं मी ती गाठ देवाच्या नावावर लावत होतो.

"आईला माहीत आहे?"

"तेव्हाच सांगितलं होतं. ती म्हणाली, बाबांना नको सांगूस."

म्हणजे घरात त्या दोघीही अजून गप्पच होत्या. माझं बोट खाली आलंच नव्हतं.

मी तिला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. तिला वाटलं मला मळमळतंय. मी उतरलो, मागचं दार उघडलं, आणि इराच्या शेजारी जाऊन बसलो. तिच्या पायांत बूट नव्हते. काढून कुठेतरी फेकले होते. ते बघून मला जे वाटलं ते मला लिहिता येणार नाही.

"मघाशी मधवाल्यापाशी तू काय म्हणत होतीस, बाळा? काय बघ म्हणत होतीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आईकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"आय फरगॉट, आजोबा."

"आठव," मी म्हणालो. "मी थांबतो."

अश्विनीने इंजिन बंद केलं. एसी थांबला. डोंगरात खूप शांत झालं.